चित्र कोठे हरवते?

प्रत्येक शाळेत एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी अशी असते, की जिच्याकडे बाकीचे आपल्या चित्रांच्या अडचणी घेऊन येतात. पडद्यावर छान दिसणारे छायाचित्र वार्षिकांकात छापल्यावर धूसर का झाले? स्नेहसंमेलनाचा फोटो ग्रुपवरून उतरवून मोठा केला तर चेहरे ओळखू का येत नाहीत? तक्त्यातील अक्षरांभोवती मळकट डाग कोठून आले? टेबलावर ठेवलेल्या वहीचे पान फोटोत आडवे का आले? प्रश्न वेगवेगळे दिसतात. पण त्यांच्या मुळाशी असलेल्या गोष्टी थोड्या आहेत, आणि त्या समजून घेण्यास नववी-दहावीचे गणित व थोडे भौतिकशास्त्र पुरेसे आहे. अशा मदत करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, आणि ज्यांना मदत हवी आहे त्यांच्यासाठीही, हा लेख आहे.

चित्र म्हणजे अंकांचा तक्ता

संगणकात किंवा मोबाइलमध्ये चित्र नसते, अंक असतात. चौकडीचा कागद डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक चौकटीत त्या जागी किती उजेड आहे हे सांगणारा एक अंक लिहिला, की चित्राचा तक्ता तयार झाला. या चौकटीला पिक्सेल म्हणतात. आपण तिला चित्रबिंदू म्हणू.

असा तक्ता प्रथम १९५७ साली अमेरिकेतील नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत तयार झाला. रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचे छायाचित्र यंत्राने टिपून संगणकात घातले. त्यात १७६ ओळी होत्या व प्रत्येक ओळीत १७६ बिंदू, म्हणजे एकूण ३०,९७६ बिंदू. प्रत्येक बिंदू एक तर काळा किंवा पांढरा; मधली छटा नाही. तरीही ते बाळ ओळखू येते.

आज प्रत्येक बिंदूसाठी एकाऐवजी तीन अंक ठेवतात. तांबडा, हिरवा व निळा प्रकाश योग्य प्रमाणात मिसळला तर डोळ्याला जवळजवळ सर्व रंगांचा भास होतो. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी तीन रंगांचे प्रकाशझोत पडद्यावर एकमेकांवर टाकून एका रंगीत फितीचे चित्र दाखवले होते, तेच हे तत्त्व. प्रत्येक रंगासाठी ० ते २५५ यांमधील एक अंक असतो आणि तो एका बाइटमध्ये मावतो. म्हणून एका बिंदूसाठी तीन बाइट लागतात, आणि २५६ × २५६ × २५६ म्हणजे १,६७,७७,२१६ रंग लिहिता येतात.

आता एक हिशेब करू. मोबाइलच्या कॅमेऱ्याने ४,००० × ३,००० बिंदूंचा फोटो काढला. एकूण बिंदू १ कोटी २० लाख. प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे ३ कोटी ६० लाख बाइट, अर्थात ३६ एमबी. पण फाइल उघडून तिचा आकार पाहिला तर तो बहुधा तीन ते पाच एमबी भरतो. उरलेले तीस एमबी कोठे गेले? या प्रश्नाचे उत्तर पुढे येईल. त्याआधी छपाईचा प्रश्न सोडवू.

किती बिंदू पुरेत?

आपल्या डोळ्याची शक्ती मर्यादित आहे. दोन बिंदू डोळ्याशी सुमारे एका अंशाच्या साठाव्या भागाहून लहान कोन करत असतील, तर ते वेगळे दिसत नाहीत, एकच दिसतात. एवढ्या कोनासाठी दोन बिंदूंमधील अंतर हे डोळ्यापासूनच्या अंतराच्या ०.०००२९ पट येते. पुस्तक आपण २५ सेंटिमीटर, म्हणजे २५० मिलिमीटर अंतरावर धरतो. २५० × ०.०००२९ = सुमारे ०.०७३ मिलिमीटर. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, म्हणून एका इंचात असे सुमारे ३५० बिंदू बसतील. छापखान्यातील मंडळी दर इंचाला ३०० बिंदू मागतात, त्याचे कारण हे आहे. ती केवळ रूढी नव्हे. आपल्या डोळ्याचे ते माप आहे.

समजा, तुमच्या चित्रात १,२०० × ९०० बिंदू आहेत. दर इंचाला ३०० या हिशेबाने ते ४ इंच × ३ इंच एवढे स्वच्छ छापता येईल. तेच चित्र वार्षिकांकाच्या पूर्ण पानावर, बारा इंच लांब, छापले तर दर इंचाला १०० बिंदूच उरतील. चौकटी डोळ्यांना जाणवू लागतील, किंवा यंत्राने त्या पुसट केल्या तर चित्र धूसर दिसेल. पडद्यावर ते चांगले दिसत होते, कारण तेथे ते लहान आकारात आणि अधिक अंतरावरून पाहिले होते.

पण हेच चित्र भिंतीवरील फलकासाठी चालेल का? फलक दोन मीटरवरून पाहायचा आहे. २,००० × ०.०००२९ = ०.५८ मिलिमीटर, म्हणजे दर इंचाला सुमारे ४४ बिंदू पुरतात. तेव्हा १,२०० बिंदूंचे चित्र २७ इंच रुंद केले तरी दोन मीटरवरून ते स्वच्छ दिसेल. म्हणून ‘हे चित्र चांगले आहे का?’ असे कोणी विचारले तर उलट विचारावे, ‘ते किती मोठे छापायचे आहे, आणि किती अंतरावरून पाहायचे आहे?’ या दोन उत्तरांवाचून पहिल्या प्रश्नाला उत्तर नाही.

घडी घालणे

आता हरवलेल्या तीस एमबींकडे वळू. फाइल लहान करण्याच्या क्रियेला संकोचन म्हणतात. संकोचन दोन प्रकारचे असते, आणि हा फरक पक्का लक्षात ठेवला की निम्म्या अडचणी सुटतात. कापडाची घडी घातली तर ते कमी जागेत मावते, आणि उलगडले की पुन्हा तसेच्या तसे मिळते. दूध आटवून खवा केला तर तोही कमी जागेत मावतो. पण खव्यात पाणी घालून पहिले दूध परत मिळत नाही.

प्रथम घडी पाहू. चौकडीच्या कागदावर काढलेल्या एखाद्या अक्षराच्या एका ओळीत १६ चौकटी आहेत असे माना. पाच पांढऱ्या, मग तीन काळ्या, मग आठ पांढऱ्या. सोळा अंक लिहिण्याऐवजी ‘५ पांढरे, ३ काळे, ८ पांढरे’ एवढेच लिहिले तरी ओळ पुरी कळते. काहीच हरवले नाही. सपाट रंगांची चित्रे, आलेख, नकाशे, छापील मजकूर यांना ही युक्ती फार लागू पडते.

छायाचित्रात मात्र लागोपाठचे बिंदू तंतोतंत सारखे नसतात. आकाशाच्या तुकड्यात २०१, २०३, २०२, २०४ असे अंक येतील. तेथे शेजारच्या बिंदूशी असलेला फरकच लिहावा: २०१, +२, −१, +२. हे लहान अंक कमी जागेत मावतात. पीएनजी नावाच्या प्रकारात, तो १९९६ साली प्रमाणित झाला, अशी फरकाची युक्ती आणि पुन्हा पुन्हा येणारे अंकसमूह थोडक्यात लिहिण्याची युक्ती या दोन्ही वापरतात. ही शुद्ध घडी आहे. पण छायाचित्राची अशी घडी फार लहान होत नाही, म्हणून तेथे आटवण्याकडे वळावे लागते.

आटवणे

आटवण्यामागील विचार असा: डोळ्याला जे फारसे दिसत नाही, ते टाकून द्यावे. डोळा उजेडातील फरक बारकाईने टिपतो, रंगातील फरक तितक्या बारकाईने टिपत नाही. म्हणून प्रथम प्रत्येक बिंदूचे तीन अंक असे बदलून घेतात की एक अंक उजेड सांगेल व दोन अंक रंग सांगतील. मग उजेडाचा अंक प्रत्येक बिंदूसाठी ठेवतात, आणि रंगाचे अंक बहुधा चार बिंदूंना मिळून एकदाच. चार बिंदूंना १२ अंक लागत होते, तेथे आता ४ + १ + १ = ६ लागतात. निम्मे काम येथेच झाले.

दुसरी पायरी अधिक मनोरंजक आहे. ती समजण्यासाठी चारच बिंदू घेऊ. त्यांचा उजेड असा: १२०, १२४, १३०, १२६. या चौघांची सरासरी १२५. डाव्या जोडीची सरासरी १२२, उजव्या जोडीची १२८. म्हणजे डावी जोडी सरासरीहून ३ ने खाली व उजवी ३ ने वर. डाव्या जोडीत पहिला बिंदू २ ने खाली, दुसरा २ ने वर. उजव्या जोडीत नेमके उलट, म्हणून तेथे −२ लिहू. तेव्हा चार अंकांऐवजी आपण दुसरे चार अंक लिहिले: १२५, ३, २, −२. यांवरून मूळ अंक परत मिळतात, ते तुम्ही करून पाहा.

यात फायदा काय? फायदा हा, की मोठी माहिती पहिल्या अंकात गोळा झाली आणि शेवटचे अंक लहान झाले. आता शेवटचे दोन अंक शून्य मानले तर बिंदू होतील १२२, १२२, १२८, १२८. मूळ चित्राशी फरक केवळ दोन एककांचा. डोळ्याला तो कळणारही नाही. दोन अंक मात्र वाचले.

प्रत्यक्षात चारऐवजी ८ × ८ म्हणजे ६४ बिंदूंचा चौकोन घेतात, आणि सरासरी-फरकांऐवजी कोसाइन लहरी वापरतात: काही सावकाश बदलणाऱ्या, काही भराभर बदलणाऱ्या. चौकोनात प्रत्येक लहरीचा वाटा किती, हे ६४ अंकांनी सांगतात. मग भराभर बदलणाऱ्या लहरींचे वाटे ढोबळ करतात. त्यांतील बरेचसे शून्य होतात. ही पद्धत नासिर अहमद, टी. नटराजन व के. आर. राव यांनी जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध केली. अहमद हे मूळचे बंगळूरचे. अभियांत्रिकीची पदवी तेथेच घेऊन ते अमेरिकेत गेले. या कामासाठी त्यांनी १९७२ साली अनुदान मागितले होते, ते मिळाले नाही. तरी त्यांनी काम चालू ठेवले. पुढे १९९२ साली ठरलेल्या जेपीईजी या प्रमाणित प्रकाराचा पाया तीच पद्धत झाली. तुमच्या मोबाइलमधील बहुतेक फोटो याच तऱ्हेने आटवलेले असतात. हरवलेले तीस एमबी गेले ते असे.

अक्षरांभोवतीचे डाग

आता हीच युक्ती अक्षरांवर चालवून पाहू. पांढऱ्या कागदावर एक बारीक काळी रेघ आहे. चार बिंदू: १०, २५०, २५०, २५०. सरासरी १९०. डावी जोडी १३०, उजवी २५०. म्हणून दुसरा अंक ६०. डाव्या जोडीतील फरक १२०, उजवीतील ०. नवे अंक: १९०, ६०, १२०, ०. येथे तिसरा अंक लहान नाही. तो टाकला तर बिंदू होतील १३०, १३०, २५०, २५०. काळी बारीक रेघ जाऊन तेथे दुप्पट रुंदीचा राखाडी पट्टा आला! तक्त्यातील अक्षरांभोवतीचे मळकट डाग ते हेच. जेपीईजी ही पद्धत वाईट नाही. ती मंद छटांसाठी बनवलेली आहे आणि आपण तिला तीक्ष्ण कडांवर चालवले.

यातून नियम निघतो. छायाचित्र असेल तर जेपीईजी. आलेख, तक्ता, पडद्यावरचा मजकूर असेल तर पीएनजी. भूमितीची आकृती असेल तर शक्यतो बिंदूंचा तक्ता करूच नये. ‘अमुक केंद्र, अमुक त्रिज्या’ अशी आकृतीची कृतीच लिहून ठेवणारे एसव्हीजीसारखे प्रकार वापरावेत. वर्तुळ कितीही मोठे केले तरी ते वर्तुळच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेपीईजी चित्र उघडून, कापून किंवा आकार बदलून पुन्हा जतन केले, की ते पुन्हा आटते. पाच हातांतून गेलेले चित्र पाच वेळा आटलेले असू शकते. निरोप पाठवणाऱ्या मोबाइल सेवाही फोटो पाठवताना बिंदूंची संख्या कमी करतात. ४,००० बिंदू रुंदीच्या फोटोत एका रांगेत २० मुले असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला २०० बिंदू येतात. फोटो १,००० बिंदूंवर आणला तर ५० उरतात, आणि त्यांतील चेहऱ्याला फार तर पंचवीस. तो पुन्हा ४,००० केला तरी माहिती पंचवीस बिंदूंचीच राहते. म्हणून मूळ फाइल जपावी, आणि बदल करायचे ते तिच्या प्रतीवर करावेत.

धूसर बरे, की स्वच्छ पण खोटे?

येथवर जे हरवले ते निदान डोळ्यांना दिसत होते. धूसर अंक धूसर दिसतो आणि आपण सावध होतो. पण संकोचनाचा एक प्रकार असा आहे, की त्यात चूक झाली तर ती दिसतच नाही.

२०१३ साली जर्मनीतील संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांच्यासमोर एका घराच्या नकाशाची यंत्राने काढलेली प्रत आली. मूळ नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ व १७.४२ चौरस मीटर होती. प्रतीत तिन्ही ठिकाणी १४.१३ आले होते, तेही अगदी स्वच्छ अक्षरांत. पुढील चाचण्यांत ६ च्या जागी ८ आल्याचेही त्यांना आढळले. यंत्रातील संकोचनाची पद्धत अशी होती: पानावर सारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे शोधायचे, त्यांतील एकच साठवायचा आणि बाकीच्या जागी तोच पुन्हा चिकटवायचा. सर्व ‘क’ सारखेच असतील तर एक ‘क’ पुरे, ही कल्पना चांगली. पण लहान, पुसट अक्षरांत दोन वेगळे अंकही यंत्राला ‘पुरेसे सारखे’ वाटले, आणि एकाच्या जागी दुसरा बसला. निर्मात्या कंपनीला पुढे या यंत्रांसाठी दुरुस्ती द्यावी लागली.

तो अंक घराच्या क्षेत्रफळाऐवजी औषधाच्या मात्रेचा, गुणपत्रिकेतला किंवा सातबाऱ्यावरचा असता तर? कोणाला संशयही आला नसता. आज पुसट फोटो ‘सुधारून’ देणारे कृत्रिम बुद्धीचे कार्यक्रम सर्वत्र मिळतात. त्यांचेही तत्त्व लक्षात घ्यावे. त्यांनी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून ते अंदाज बांधतात आणि हरवलेल्या जागी शोभेल असे काही भरतात. आजोबांच्या जुन्या फोटोत पुसट झालेली मिशी त्यांनी रेखीव केली तर बिघडत नाही. पण पुसट शिलालेखातील अक्षर, प्रयोगवहीतील वाचन किंवा गाडीचा क्रमांक अशा रीतीने ‘स्पष्ट’ केला तर तो पुरावा नव्हे, तो अंदाज आहे. नसलेली माहिती गणिताने परत येत नाही.

आडवे पान आणि लपलेली नोंद

मोबाइलमधील प्रकाश टिपणारी चकती नेहमी एकाच क्रमाने ओळी वाचते, फोन उभा असो वा आडवा. ‘वर’ कोणती बाजू, हे फोनमधील त्वरणमापक गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून ठरवतो आणि फाइलमध्ये तशी एक नोंद करतो. टेबलावरील वहीचा फोटो वरून काढताना फोन जमिनीला समांतर असतो. गुरुत्वाकर्षण तेव्हा फोनच्या पाठीतून सरळ खाली जाते, आणि चार कडांपैकी वरची कोणती हे त्यावरून कळू शकत नाही. म्हणून पान आडवे येते. फोन किंचित कलता धरून मग फोटो काढला, तर ही अडचण बहुधा येत नाही.

फाइलमध्ये अशा आणखी नोंदी असतात: तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा प्रकार, आणि स्थाननोंद चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. मित्राला आपण सांगतो, ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव, म्हणजे आटणार नाही.’ सल्ला बरोबर आहे. पण मूळ फाइल जशीच्या तशी गेली की या नोंदीही सोबत जातात. घरी काढलेल्या फोटोबरोबर घराचा ठावठिकाणा अनोळखी माणसाकडे जाऊ नये. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील स्थाननोंद बंद ठेवणे हा सोपा उपाय आहे.

मदत करणाऱ्यासाठी

कोणी चित्राची अडचण घेऊन आले तर लगेच बटणे दाबू लागू नये. क्रमाने चार प्रश्न विचारावेत. मूळ फाइल कोणाकडे आहे? चित्र कोठे, केवढ्या आकारात व किती अंतरावरून पाहायचे आहे? ते छायाचित्र आहे, अक्षरे आहेत की आकृती? आणि त्यातील कोणती माहिती हरवली तर नुकसान होईल? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चित्रात अंक असतील तर काम झाल्यावर ते मूळ कागदाशी ताडून पाहावेत. विचारणाऱ्यालाही तसे करायला शिकवावे.

करून पाहा

१. १,६०० × १,२०० बिंदूंचे चित्र दर इंचाला ३०० बिंदूंनी छापल्यास केवढे होईल?

२. चार बिंदू ४०, ४४, ६०, ५६ असे आहेत. वरील रीतीने नवे चार अंक काढा. शेवटचे दोन शून्य मानल्यास कोणते बिंदू मिळतील?

३. तीन मीटर रुंदीचा फलक चार मीटरवरून पाहायचा आहे. रुंदीत किती बिंदू पुरतील?

४. छापील पानाचा एक फोटो घ्या. त्याची एक प्रत दर वेळी थोडी कापून, सर्वांत कमी दर्जाच्या जेपीईजीत दहा वेळा जतन करा. पहिली व दहावी प्रत मोठी करून शेजारी ठेवा आणि अक्षरांच्या कडा पाहा.

उत्तरे: १) सुमारे ५.३ इंच × ४ इंच. २) ५०, ८, २, −२, बिंदू ४२, ४२, ५८, ५८. ३) एका बिंदूची रुंदी सुमारे १.१६ मिलिमीटर, म्हणून सुमारे २,६०० बिंदू.